बोडीवरचा कुरव

सकाळी सातपासून तो एका पायावर.
कडी दुसऱ्या पायात, तो पोटाच्या पिसांत.
मी पाळीवर, दुर्बिणीला डोळा लावून;
वहीत फक्त तारीख, आणि ‘पिवळी, बहुतेक’.

रूपचंद वलथरे डोंगा घेऊन दोनदा येऊन गेला.
जाळ्यात शिंगाड्याचे वेल, एक मरळ.
‘समुद्राचा हाये म्हनता, मंग इथं कायले?’
सांगता आलं नाही.

‘आमच्या पोरीच्याबी पायात कारा दोरा हाये जी.
नजर लागू नये म्हून.’

याला बांधली ती
नजर लागावी म्हणून,
कुठल्याशा थंड तळ्याकाठी
मुठीत धडधड धरून.

चारला उडाला.
क्षणभर दोन्ही पाय सुटे.
पी, सात,
पुढचं नुसतं ऊन.