कपात चहा नव्हता

धामणकरकाकांना मी बसवलं होतं
डहाणूकर कॉलनीतल्या गच्चीवर,
हातात कप. पाचशे रुपये, सहीचा कागद.
खाली शीर्षक टाकलं : समाधानी निवृत्त गृहस्थ.

तेव्हापासून ते विकले जातायत.
विमा, कवळी, गुडघ्याचं तेल,
परवा तर कुठल्याशा पोर्तुगीज बँकेत.
मला दर खपाला अठरा रुपये.

आज त्यांची सून आली.
"आधारकार्डावर रागावलेले दिसतात हो.
तुमच्याकडचा तो हसरा द्याल?
तेराव्याला लावायला."

कप कापला. बोटं कापली.
हाराला जागा सोडून बारा बाय अठरा.
बिल करताना अडलो :
अठरा गुणिले किती, आठवेना.

त्या दिवशी रिकाम्या कपात डोकावून
म्हणाले होते,
"अगदी पुणेरी चहा पाजलात!"
आणि स्वतःच हसले.
तेवढ्यात मी बटण दाबलं.