ऑइल

आज पाण्याचा वार नाही, म्हणून बोळ रिकामा.
बोलेरोची पुढची चाकं शहाबादी फरश्यांवर,
मागच्यांना दगड,
माझ्या पाठीखाली एक्स्पोर्टला नापास झालेली चादर.

एकोणीसचा पाना. बोल्ट सुटला, बोटं भाजली.
काळं ऑइल पाटीत,
आधी धार, मग दोरा, मग नुसतीच गाठ गाठ.

फिल्टर मात्र हलेना.
चिंधी झाली, पॉलिश पेपर झाला,
तेलुगूतल्या दोन शिव्या झाल्या.
नाना घरात गेले, आले ते
भंगारात गेलेल्या मागाचा चामडी पट्टा घेऊन.
कुठे ठेवला होता इतकी वर्षं, विचारलं नाही.
एक वेढा, एक हिसका.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं तेल.
"हातानं बसेल तेवढाच आवळ!"
गल्लीभर ऐकू जातं.
चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात
ते असंच बोलले,
आणि आता माझं त्यांना ऐकू येत नाही.

सेल मारला. दिवा विझला.
नाना बॉनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून:
"अजून अर्धा लिटर."

गाडी बंद केली, थांबलो,
डिपस्टिक पुसून पाहिली. पाव, फार तर.
पावच ओतलं.
बोटांनी त्यांना दाखवलं, अर्धा.