दुरुस्तीचा अर्ज

केप्याच्या नोंदणी कार्यालयात, तिसऱ्या खिडकीमागे,
मी लोकांची नावं सरळ करतो.
एका वहीत आजोबा बोस्त्यांव, दुसरीत सेबास्तियांव;
लिस्बनला पाठवायच्या कागदांना एकच आजोबा चालतो.

आज चिरेखाणीतला कायतान. नखांत तांबडी माती.
"सायबा, ह्या नांवान म्हज्या पायक कोणेंच उलो मारूंक ना."

थांब म्हटलं. प्रिंटर अडला होता.
डब्याखाली मुलीचं पुस्तक, पान उघडंच:

कुणा जर्मन धर्मगुरूच्या घराण्यानं
आडनाव ग्रीकमध्ये फिरवून घेतलेलं,
अर्थ तोच ठेवून: नवा माणूस.
धर्मगुरूवरून दरीला नाव पडलं.
दरीतल्या चुनखडीच्या खाणीत मजुरांना हाडं लागली,
अस्वलाची असतील, म्हणाले.
हाडांना दरीचं नाव मिळालं.
असा तो निअँडरथल,
चाळीस हजार वर्षांपूर्वी संपलेला
आणि कागदावर नव्या माणसाच्या दरीतला.

मजुरांची नावं पानावर नाहीत.

होमो म्हणजे आडनाव. आमच्या फॉर्मातही तेच आधी.
पुढे जर्मनांनी दरीच्या स्पेलिंगमधला एच गाळला;
शास्त्रीय नावात तो अजून बसून आहे.
पहिलं छापलं ते कायम, असा तिथला नियम.
खिडकी नाही, पावती नाही, दुरुस्तीचा अर्ज नाही.

आणि सैबेरियातली ती पोर,
करंगळीच्या टोकाएवढीच उरलेली.
तिला गुहेचं नाव,
गुहेला कुणा डेनिस नावाच्या बैराग्याचं.
वडिलांचा रकाना रिकामा. आईचाही.

आपली माती तेवढंही ठेवत नाही.
जांभा हाड खाऊन टाकतो.
पणसायमळला, कुशावतीच्या काठी,
वाटाड्यानं कातळावर बादलीभर पाणी ओतलं
तेव्हा एक बैल वर आला,
मग हरणासारखं काहीतरी,
मग ऊन. पाणी वाळलं.
कोरणारा आपल्याच आडनावाचा,
याहून जास्त त्याच्याविषयी मला लिहिता येणार नाही.

"मग बापाला म्हणायचे तरी काय?" मी पेन उघडलं.
कायतान सांगेना. लाजला.
मग दाराकडे वळून, तोंडाशी हात धरून
त्यानं हाक मारून दाखवली,
शेतापलीकडे पोचेल अशी,
नाव कमी, श्वास जास्त.
रांगेतले दोघे मागे वळून बघू लागले.

रकाना दोन इंचांचा.
मी 'ओ' लिहिला,
पुढे अवग्रह किती द्यायचे ते कळेना.