आवृत्ती सहावी

दिवाडीच्या एर्मेलिंदाबाईंच्या चार खोल्या
मी आजवर पाच वेळा बांधल्या,
पडद्यावर.
खऱ्या खोल्यांना त्यांनी एकदाच रंग काढला,
तोही उरलेला, चर्चच्या कामातला.

पहिली, दोन हजार एकची.
म्हापशात औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर
तक्त्यात तक्ता, त्यात आणखी एक तक्ता,
मागे निळ्या लाटांची फरशी,
तळाला पाहुणे मोजणारा आकडा
(बाईंनीच रोज उघडून तो तीनशेवर नेला),
आणि वर, उजवीकडून डावीकडे पळणारी लाल ओळ:
शेवटची फेरीबोट रात्री साडेदहा.
बाई म्हणाल्या, "बरें आसा, पुता.
पूण धावायचं ते माणसानं.
अक्षरांनी कित्याक?"

दुसरी उघडेपर्यंत चहा उकळून होई.
मांडवीवर सूर्य वर येई, बोट डुलत येई,
तिचा लोखंडी फाळका पडे, मग दार उघडे.
कोपऱ्यात बारीक लिहिलं होतं, 'वगळा'.
सगळे तेच दाबत.
त्या बोटीच्या धुरावर माझ्या तीन रात्री गेल्या होत्या.

मग बटणं काचेच्या गोळ्यांसारखी झाली,
कडा गोल, खाली ओली सावली.
मग एका वर्षात सगळ्यांच्या सावल्या गेल्या.
सगळं चपटं,
जणू भर दुपारी बारा वाजता काढलेलं.
फोनच्या रुंदीत मावायला
एकाखाली एक उभं केलं सारं,
बाल्कांवात ऐसपैस बसलेल्या पाहुण्यांना
अरुंद जिन्यात रांगेला लावावं तसं.
उरलेलं तीन आडव्या रेघांत कोंबलं.
बाईंनी रेघांवर बोट ठेवलं,
"हें कितें? पायऱ्या?"
मी म्हणालो, दाबा.
त्यांनी दाबलं नाही.

पाचवीत आभाळातून घेतलेलं बेट,
भातशेतं हिरवीगार, मागे मंद सरकणारी,
पुढून अक्षरं घाईनं.
आधी परवानगी मागणारी पट्टी,
मग सवलतीची चौकट,
मग गोल डोक्याचा मदतनीस: मी काही सांगू का?
बोटीची वेळ अगदी तळाला,
राखाडीवर राखाडी.
या कामाला मला पणजीत एक ट्रॉफीही मिळाली.

गेल्या डिसेंबरात नागपूरचं एक जोडपं,
मागच्या सीटवर तापानं फणफणलेली पोर,
रायबंदरच्या धक्क्यावर गाडीत बसून
पडदा खाली, खाली, अजून खाली सरकवत राहिलं.
मदतनीस विचारत राहिला.
बोटीचा दिवा तेवढ्यात पलीकडच्या काठाला लागला.
पलीकडे बाई ताटं झाकून बसलेल्या.

तक्रार त्यांनी केली नाही.
चार दिवसांनी फोनवर एक फोटो आला:
पत्र्याचा तुकडा, चुन्यानं पांढरा केलेला,
त्यावर निळीनं, कुंचल्यानं,
शेवटची बोट ११.
चुकली तर फोन करा.
कमलाकर होडी घेऊन येईल.

कमलाकर.
तेवीस वर्षं, पाच आवृत्त्या,
आणि हा माणूस कुठल्याच पानावर नव्हता.
मीही कधी विचारलं नव्हतं,
बोट चुकली, तर मग काय?

पत्रा मी मोठा करून पाहिला.
चारी बाजूंना चार बोटं कोरी जागा.
सगळ्यात थोर अक्षर 'अकरा'चं.
'होडी'चा काना किंचित कललेला,
पण कुठेही अडत नव्हता.

सहावी मी तशीच केली. पांढरं, निळं, तीन ओळी.
ऑफिसात नवी लागलेली रोशेल मागे येऊन थांबली,
"सर, काय धाडसी! हे सध्या जोरात आहे."
तिनं त्याचं नावही सांगितलं, परदेशी, जड.
मी मान डोलावली.

संध्याकाळी बाईंना दुवा पाठवला.
बराच वेळ काही नाही.
मग फोन,
"दिसता रे, पुता. चष्म्याविणें दिसता."
आणि ठेवता ठेवता,
"कमलाकराचो नंबर मात्र बदललाय.
घे, लिहून घे."