हातमोजे

लीलोनं बटण काढलं फिकट निळं,
गवताच्या पातीइतक्या बारीक कडेचं,
आणि शेजारी लिहिलं : आठ पिक्सेल मोकळे सोडा.
तार्मोनं सोडले सहा.
दोन पिक्सेलांपायी तालिनच्या त्या ऑफिसात
मंगळवार गेला, बुधवार गेला,
आणि मी, टेस्टर, दोघांच्या मधल्या टेबलावर
काळ्या पावाचा तुकडा चघळत
दोन्हीकडचे बग लिहून घेत बसले.

ती म्हणायची, त्याला दिसतच नाही.
तो म्हणायचा, तिला मोजताच येत नाही.
हिऊमाच्या फेरीवर नेटवर्क मरतं,
सर्व्हर उत्तराला चार सेकंद लावतो,
चार सेकंद तुझं ते गोल चक्र फिरवत बसू?
"फिरव," ती म्हणायची, "पण नीट फिरव."

खोटं कशाला सांगू, मला गंमत वाटायची.
आमच्यात चुकीला बाप नसतो,
दोन काका असतात,
आणि दोघंही परगावी गेलेले.

फेब्रुवारीत तक्रारी आल्या :
एकाच माणसाची दोन तिकिटं कापली जातात.
तो म्हणाला, डिझाइन.
ती म्हणाली, कोड.
मी म्हटलं, जाऊन बघा की.

रोहुकुलाच्या धक्क्यावर उणे चौदा.
बर्फ फोडत फेरी येत होती, कुरकुरत, सावकाश.
रांगेत एक बाई, साठीपुढची, काखेत कुत्रं.
जाड लोकरी हातमोज्यानं तिनं फोन दाबला.
काही नाही.
पुन्हा दाबला.
मग दातांनी हातमोजा ओढला
आणि उघडं बोट टेकवलं त्या निळ्यावर.
चार सेकंद.
चक्र नीट फिरत होतं, फार नीट.
तिनं परत दाबलं.
पैसे दोनदा गेले, बोट लाल झालं,
तिनं कुणाला शिवी दिली नाही.
दिली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये कुणी बोलेना.
काचेवर वाफ धरली होती.
लीलोनं बोटानं बटण काढलं, तळहाताएवढं,
कडाबिडा काही नाही.
तार्मो वाकून बघत राहिला. म्हणाला,
पहिल्या दाबालाच मी ते बंद करतो.
तिकीट फोनमध्येच ठेवून देतो,
सर्व्हरशी मागाहून माझं मी बघतो.
"मग इथे लिहू काय?" तिनं विचारलं.

शब्दांना तो नेहमी रंगरंगोटी म्हणायचा.
दोन गावं मागे गेली तेव्हा म्हणाला,
"लिही : मिळालं. हात खिशात घाला."

काचेवरचं बटण ओघळून खाली आलं,
तोवर मी फोटो काढून ठेवला होता.
त्यात रेघ कुणाची, बोट कुणाचं, सांगता येत नाही.

सोमवारी पुन्हा जुंपली.
"घाला"पुढे पूर्णविराम हवा की नको, यावर.
मी डबा उघडला, पाव काढला.