पाच लिटरला एक चमचा

गुरुवारी सकाळी काळ्या मोलीच्या शेपटीवर
रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके.
शर्वाणी शाळेला गेली नाही.
काचेला नाक लावून बसली,
काचेवर वाफ, वाफेपलीकडे मासा.

म्हापशाच्या बाजारात मिनिनने
माझ्या फोनमधला फोटो हातभर लांब धरून पाहिला.
म्हणाला, मीठ घाल गो. पाच लिटरला एक चमचा.
पाकिटातलं नको, खडे घे.
मिनिनच्या दुकानात सगळ्या दुखण्यांना मीठ.

वरच्या मजल्यावरचे कुंकळयेकर,
ज्यांच्या टाकीत पाणी कमी आणि राई जास्त,
म्हणाले, गोड्या पाण्यात मीठ? वेड लागलंय?
तुमचे ते तळाशी फिरणारे मिशाळ,
त्यांना कुठे खवले? उघड्या अंगाला झोंबेल.
पानं कुजतील.
गोगलगायी तर विसराच.

दोघंही शहाणी माणसं.
आणि मी पर्वरीत चौथ्या मजल्यावर, हातात चमचा,
समोर साठ लिटर पाणी.
बारा चमचे. बोटांवर पुन्हा मोजले.
बाराच.

आप्पा खिडकीशी होते.
अठ्ठेचाळीस वर्षं आगरवाड्याच्या मिठागरात
टाचा पांढऱ्या करून घेतलेला माणूस,
बांध फुटला तेव्हापासून आमच्याकडे.
(बांध घालायला पुन्हा कुणी आलं नाही.
तिथे आता तिवरं उगवलीत.
बरी दिसतात, म्हणतात आप्पा,
आणि मग बराच वेळ काही म्हणत नाहीत.)

त्यांना मी विचारलंच नव्हतं.
तेच म्हणाले, हिचो गांव खंयचो?
कुणाचा?
ह्या काळ्या बायचो.

मला कुठे ठाऊक. माल कोलकात्याचा,
इतकंच मिनिन म्हणाला होता.
कोलकात्याला कुठून, ते मिनिनलाही ठाऊक नसावं.
खाडीतली असेल, नदीतली असेल,
प्लास्टिकच्या पिशवीत जन्मली असेल.

टाकीतलं पाणी खाली गेलं की काय करतेस?
वरून भरते, आप्पा.
मीठ घालून?
मी गप्प. कारण हो, तसंच करणार होते मी.

मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले.
अगो, पाणी उडतं. मीठ खंय उडटा?
दर आठवड्याला चमचा चमचा घालशील,
मार्चपर्यंत दिवाणखान्यात आगर पिकेल तुझं,
मासे उपसायला फावडं लागेल.

शर्वाणी हसली. मीही.
आप्पा हसले नाहीत.
घालप हाताचें, म्हणाले, काडप पावसाचें.
आणि हांगा पाऊस येना.

तेव्हा न्हाणीघरातली निळी बादली घेतली.
दहा लिटर, दोन चमचे, एकटी मोली.
एकीचं दुखणं, सगळ्या टाकीला कशाला औषध?
मीठ आप्पांच्या बरणीतलं,
शेवटच्या हंगामाचं, करड्या रंगाचं.
ते वाटीत आधी विरघळवलं तेव्हा
तळाशी चिखलाची एक बारीक रेघ उरली.
गाळून घेणार होते.
आप्पांनी मान हलवली, म्हणून तशीच ओतली.

मिनिनला सांगितलं, घातलं.
कुंकळयेकरांना सांगितलं, नाही घातलं.
खोटं कुणाशीच बोलले नाही.

आज रविवार.
ठिपके कमी झालेत, की न्हाणीघरात उजेड कमी आहे,
यावर आमच्या घरात दोन पक्ष.
मोली मात्र चिखलाच्या रेघेला तोंड लावून
उगाच काहीतरी उकरते आहे.
पाणी बोटभर खाली गेलंय,
बादलीच्या आतल्या कडेला पांढरट वळ.

आप्पा ओणवे झाले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.
वळावरून बोट फिरवलं.
जिभेला लावलं.
डोळे मिटून थोडा वेळ तसेच.

ना, म्हणाले,
अजून पिकूंक ना.