गळती

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा.
सकाळी त्यावर तीन डाग,
गिअरबॉक्सच्या बरोबर खाली.

"इथलं नाही हे," सिग्ने म्हणाली.
"धावताना वारा मागं ढकलतो तेलाला."

उमेओत उणे अकरा, पाण्यानं धुणं अशक्य.
चिंधी, रॉकेल, दातांचा जुना ब्रश.
मग कोरड्या इंजिनावर उधळली
बापाच्या बुटांत घालायची पावडर
आणि साब पुलापर्यंत पळवून आणली.

टर्बोच्या पोटाखाली, परतीच्या नळीपाशी
पांढऱ्यावर एक बारीक काळी वाट.

चाळीस क्रोनांचं गॅस्केट.

आल्गोट दोन वर्षं दर रविवारी
तेल ओतत राहिला.
कुणी विचारलं तर म्हणायचा,
म्हातारी झालीय, पिते थोडी.

पीत नव्हती.

पुठ्ठा तिनं फेकला नाही.
उलटा केला,
पुन्हा गाडीखाली सरकवला.